‘इन द सूप’च्या तळ्याकाठी : मुंबईहून चुनचॉनला जाण्याची तपशीलवार आखणी

बीटीएस या सात जणांच्या कोरियन पॉप गटाच्या ‘इन द सूप’ (कोरियन भाषेत ‘सूप’ म्हणजे रान) या रिअ‍ॅलिटी कार्यक्रमाचे पहिले पर्व १९ ऑगस्ट २०२० पासून कोरियाच्या जेटीबीसी वाहिनीवर आणि वीव्हर्स या चाहत्यांसाठीच्या अ‍ॅपवर आठ भागांत दाखवले गेले. सातही सदस्य कामापासून दूर, तळ्याकाठच्या झाडीत राहून स्वयंपाक करतात, गळ टाकून बसतात आणि बराच वेळ काहीही करत नाहीत, एवढाच या कार्यक्रमाचा ऐवज आहे. हे चित्रीकरण दक्षिण कोरियाच्या गांगवोन प्रांतातील चुनचॉन शहराजवळ, ‘लेक १९२’ नावाच्या जागेत झाले. मुंबई, ठाणे, डोंबिवली, पनवेल या पट्ट्यातील अनेक ‘आर्मीं’च्या, म्हणजे बीटीएसच्या चाहत्यांच्या, मनात ही जागा घर करून आहे. तेथे प्रत्यक्ष जायचे असेल तर तयारी कोणत्या क्रमाने करावी, हे या लेखात सांगितले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. मुंबईहून सोल आणि सोलहून चुनचॉन स्थानक हा प्रवास लांबचा असला तरी सरळ आहे. खरी अडचण चुनचॉन स्थानकाच्या दारातून सुरू होते. ही जागा शहराच्या बाहेर, उत्तरेकडच्या ग्रामीण भागात आहे, ती खासगी मालकीची आहे आणि तेथून परत येण्यासाठी हात दाखवून थांबवता येईल असे वाहन रस्त्यावर सहसा नसते. म्हणून आखणी विमानाच्या तिकिटापासून न करता शेवटच्या टप्प्यापासून उलट दिशेने करावी. बहुतेक जण आधी स्वस्त तिकीट पकडतात आणि नंतर जागा कोणत्या दिवशी उघडी असते ते पाहतात. तेथेच सगळे बिघडते.

जागा उघडी आहे ना, हे आधी पाहावे

कार्यक्रमाचे सेट आणि राहती ठिकाणे यांत फरक आहे. ‘बिग बॉस’चे घर गोरेगावच्या चित्रनगरीत उभारले जाते आणि पर्व संपले की त्याचे रूप पालटते, त्यामुळे ते पाहायला जाण्याचा प्रश्नच उरत नाही. ‘लेक १९२’ मात्र कार्यक्रमाच्या आधीपासून तेथेच असलेली, पाहुण्यांसाठीची जागा होती, आणि म्हणूनच चाहत्यांना तेथे जाता आले. पण अशा जागांचे स्वरूप बदलत राहते. कधी कॅफे चालू असतो, कधी केवळ मुक्कामी पाहुण्यांना प्रवेश मिळतो, कधी दुरुस्तीसाठी किंवा हिवाळ्यासाठी दारे बंद असतात. दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मैत्रिणीचा अनुभव प्रेरणा म्हणून ठीक आहे, माहिती म्हणून नाही.

तपासणीचे साधन म्हणजे नावेर मॅप हे कोरियन नकाशाचे अ‍ॅप. कोरियातील छोटे व्यावसायिक आपल्या वेळा, साप्ताहिक सुट्टी आणि तात्पुरते बंद असण्याचे दिवस तेथेच नोंदवतात. जागेचे नाव कोरियन लिपीत टाकून शोध घ्यावा, कारण रोमन अक्षरांत टाकलेले नाव कधी सापडते तर कधी भलतीकडे नेते. पानावरील कोरियन मजकूर पापागो या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकला की पुरेसा समजतो. त्याच पानावर लोकांनी टाकलेली छायाचित्रे तारखेनुसार लावून पाहावीत. गेल्या महिन्याभरात कोणी आतून काढलेले छायाचित्र टाकले असेल तर जागा चालू आहे, एवढा निष्कर्ष काढता येतो. ताजे काहीच दिसत नसेल तर सावध व्हावे. कोरियात पोहोचल्यावर १३३० या पर्यटक मदत क्रमांकावर इंग्रजीतून बोलता येते. कोरियन भाषेची अडचण असेल तेव्हा जागा उघडी आहे का, आरक्षण लागते का, हे त्यांच्यामार्फत समजून घ्यावे. जाण्याच्या आदल्या दिवशी हा फोन केलाच पाहिजे, मग नावेरवर काहीही लिहिलेले असो.

आरक्षण लागत असेल तर ते पक्के झाल्यावरच चुनचॉनचा दिवस ठरवावा आणि त्या दिवसाच्या पुढेमागे सोलचे दिवस बसवावेत. शक्य असल्यास हा दिवस प्रवासाच्या मध्यावर ठेवावा, म्हणजे पावसाने घोळ घातला तर एक-दोन दिवस पुढे सरकवता येतो. आठवड्यातील मधला वार उत्तम, पण कोरियातील अनेक कॅफे नेमके सोमवारी किंवा मंगळवारी बंद असतात हे लक्षात ठेवावे.

कोणत्या महिन्यात जावे

पडद्यावर दिसणारी गर्द हिरवाई उन्हाळ्यातील आहे. तशीच पाहायची असेल तर मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला. जूनच्या उत्तरार्धापासून जुलैअखेरपर्यंत तेथील पावसाळा असतो. मुंबईकराला पावसाची भीती दाखवण्यात अर्थ नाही हे खरे, पण तळ्याकाठी पाऊस लागला तर बाहेर बसणे, फिरणे, छायाचित्रे काढणे सगळेच थांबते आणि एवढ्या लांब येऊन काचेतून पाहत बसावे लागते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात डोंगर लाल-पिवळे होतात. तो काळ दिसायला सर्वांत देखणा, मात्र गाड्यांना आणि निवासांना गर्दी फार. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येणारा छुसक आणि जानेवारी-फेब्रुवारीतील चांद्र नववर्ष या दोन सणांचे दिवस टाळावेत. त्या वेळी अर्धे सोल गावी निघालेले असते आणि अनेक दुकाने बंद असतात. चुनचॉनची थंडी सोलपेक्षाही कडक असते, जानेवारीत पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि दुपारी लवकर अंधारते. पहिल्या भेटीसाठी हिवाळा सुचवणार नाही.

व्हिसा आणि कागदपत्रे

भारतीय पारपत्रधारकांना कोरियासाठी आधी व्हिसा घ्यावा लागतो. महाराष्ट्रातील रहिवाशांचे अर्ज मुंबईतील कोरियन महावाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. अर्ज कोठे द्यायचा आणि शुल्क किती, हे दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहूनच पुढे जावे, कारण या व्यवस्था बदलतात. साधारणपणे अर्ज, छायाचित्र, किमान सहा महिने मुदत उरलेले पारपत्र, बँकेचे सहा महिन्यांचे विवरण, आयकर विवरणपत्रे, नोकरी असल्यास रजेचे व ना-हरकत पत्र, दिवसवार प्रवासाचा आराखडा आणि निवासाची नोंद ही कागदपत्रे तयार ठेवावी लागतात. चाहत्यांत महाविद्यालयीन मुले-मुली बरीच असतात. त्यांनी महाविद्यालयाचे पत्र आणि खर्च करणाऱ्या पालकांची आर्थिक कागदपत्रे, तसेच पालकांचे प्रायोजक-पत्र जोडावे. खात्यात अर्जाच्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम आणून टाकण्यापेक्षा काही महिने स्थिर शिल्लक दिसणे अधिक उपयोगाचे असते.

आराखड्यात चुनचॉनचा उल्लेख मोकळेपणाने करावा. एखाद्या कार्यक्रमाचे चित्रीकरणस्थळ पाहायला जाणे हे पर्यटनच आहे, ते लपवण्याचे कारण नाही. त्यातील तारखा मात्र निवासाच्या नोंदीशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. व्हिसा हाती आल्याशिवाय परत न मिळणारे विमानाचे तिकीट काढू नये. मुंबईहून बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँग किंवा दिल्लीमार्गे इंचॉनला जाता येते. दिल्लीमार्गे दोन वेगळी तिकिटे काढली असतील तर मधला अवकाश भरपूर ठेवावा, कारण देशांतर्गत विमानाला उशीर झाल्यास पुढचे विमान कोणी थांबवून ठेवत नाही.

प्रवासाच्या आधीच्या तीन दिवसांत कोरियाचे ई-अरायव्हल कार्ड संगणकावरून भरता येते आणि ते विनामूल्य आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले तर ते अधिकृत नाही, एवढे समजावे.

पैसे, फोन आणि बॅग

१,००० वोन म्हणजे ढोबळमानाने ६० रुपये, हा हिशेब डोक्यात ठेवला की दुकानात गोंधळ होत नाही. आपल्या कार्डावरील परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवी कार्डे मुळात केवळ देशांतर्गत वापरासाठी दिली जातात आणि हे अनेकांना परदेशातील पहिल्या काउंटरवरच कळते. बरोबर थोडे डॉलर ठेवावेत आणि सोलमध्ये वोन करून घ्यावेत. ग्रामीण टॅक्सी आणि छोट्या दुकानांसाठी रोख हाताशी असावी.

फोनमध्ये नावेर मॅप, पापागो आणि टॅक्सी बोलावण्याचे काकाओ टी ही तीन अ‍ॅप मुंबईतच उतरवून ठेवावीत आणि नोंदणी पूर्ण करावी. काही अ‍ॅपना ओटीपी लागतो, म्हणून आपले भारतीय सिम चालू ठेवून कोरियन डेटासाठी ई-सिम घेणे सोयीचे पडते. वाट शोधण्यासाठी गूगल मॅप्सवर विसंबू नये. कोरियाच्या नकाशांच्या डेटावर दीर्घकाळ निर्बंध राहिल्याने पायी आणि गाडीच्या वाटा दाखवण्यात ते तेथे कायम कमी पडत आले आहे. जागेचे नाव आणि पत्ता कोरियन लिपीत कागदावर ठळक छापून घ्यावा. वयस्क टॅक्सीचालकाला मोबाइलचा लहान पडदा दाखवण्यापेक्षा तो कागद दाखवणे कितीतरी सोपे जाते.

खाण्याच्या पदार्थांबाबत सावध असावे. मांसाचे पदार्थ, ताजी फळे, भाज्या आणि बियाणे नेण्यास मनाई आहे. म्हणजे मे महिन्यात निघताना आजीने प्रेमाने दिलेली हापूसची पेटी घरीच ठेवावी लागेल. मेतकूट, भडंग, कोरडी चटणी असा सुका शाकाहारी खाऊ बंद पाकिटात न्यावा आणि सीमाशुल्काच्या अर्जात विचारले असेल तर तसे लिहावे.

सोलहून चुनचॉन

इंचॉन विमानतळावरून सोल स्थानकाला जाणारी एरेक्स एक्स्प्रेस पहिल्या टर्मिनलवरून सुमारे ४३ मिनिटे घेते. विमानतळावरील कोणत्याही कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये टी-मनी कार्ड विकत घेऊन त्यात रोख भरून घ्यावी. सोलची मेट्रो, बस आणि चुनचॉनमधील शहर बस या सर्वांना ते चालते.

चुनचॉनला जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला आयटीएक्स-छंगछुन ही आरक्षित आसनांची गाडी. ती योंगसान स्थानकातून सुटते, चोंग्न्यांगनीला थांबते आणि योंगसानपासून सव्वा तास ते जास्तीत जास्त दीड तासात चुनचॉनला पोहोचते. तिचे चौथे आणि पाचवे डबे दुमजली आहेत, वरच्या मजल्याची जागा मिळाली तर बुकहान नदीचे खोरे छान दिसते. भाडे दहा हजार वोनच्या आत राहते. आरक्षण कोरेल या कोरियन रेल्वे कंपनीच्या संकेतस्थळावर करता येते आणि शनिवार-रविवारसाठी ते काही दिवस आधीच केलेले बरे. दुसरा मार्ग ग्योंगछुन मार्गावरील साध्या मेट्रोचा. सांगबोंगहून ती तासाभराहून थोडा जास्त वेळ घेते, टी-मनीवर चालते आणि आणखी स्वस्त आहे. सकाळी बसायला जागा मिळेलच असे नाही, पण सकाळी आठची कर्जत लोकल पाहिलेल्यांना त्याचे काही वाटू नये. दोन्ही गाड्यांना नामचुनचॉन हे स्थानक आधी लागते, आपण त्यापुढे शेवटच्या चुनचॉन स्थानकावर उतरावे.

जाताना सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास सोल सोडणारी गाडी धरावी. साडेदहापर्यंत चुनचॉन गाठले की तळ्याकाठची दुपार निवांत मिळते आणि परतीसाठी उजेड उरतो.

स्थानकापासून तळ्यापर्यंत

‘लेक १९२’ ज्याच्या काठी आहे ते चुनचॉन तळे नैसर्गिक नाही. बुकहान नदीवर १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या चुनचॉन धरणामुळे तो जलाशय तयार झाला. धरणातील पाण्याची पातळी हंगामानुसार खाली-वर होते, त्यामुळे पडद्यावर दिसलेला काठ आणि आपण पाहतो तो काठ अगदी सारखा असेलच असे नाही.

स्थानकाहून टॅक्सीने साधारण अर्धा तास लागतो. नावेर मॅपवर टॅक्सीचे अंदाजे भाडे दिसते, ते पाहून ठेवावे. चौघे जण असतील तर टॅक्सी सहज परवडते. निघण्यापूर्वी स्थानकाजवळच्या पर्यटन माहिती केंद्रात जाऊन परदेशी पर्यटकांसाठी काही तासांच्या टॅक्सीची सोय आहे का, हे विचारावे. तशी मिळाली तर जाणे, थांबणे आणि येणे हे तिन्ही प्रश्न एकदम सुटतात. न मिळाल्यास चालकाला पापागोवर ‘दोन तासांनी परत न्यायला याल का’ असे विचारून वेळ आणि रक्कम तेथेच ठरवावी. काकाओ टीवरून गाडी बोलावता येते, पण शहराबाहेर ती पटकन मिळेल या भरवशावर राहू नये. कॅफेतील कर्मचाऱ्यांना निघायच्या अर्धा तास आधी सांगितले तर ते स्थानिक टॅक्सी कंपनीला फोन करून देऊ शकतात. मात्र ही विनंती खरेदी केल्यानंतर आणि नम्रपणे करावी.

बसनेही जाता येते, परंतु ग्रामीण मार्गांवर दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात आणि थांब्यापासून पुढे चालावे लागते. ज्यांच्याकडे वेळ भरपूर आणि पैसे कमी आहेत त्यांनी नावेरवर जाण्याच्या नव्हे, येण्याच्या बसची वेळ आधी पाहावी. स्वतः गाडी चालवायची असेल तर आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मुंबईतच काढून घ्यावा. तो वर्षभर चालतो, पण गाडी भाड्याने घेताना मूळ भारतीय परवाना आणि पारपत्रही दाखवावे लागते. कोरियात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आयुष्यभर डावीकडून चालवणाऱ्याने डोंगरातील अरुंद रस्त्यावर पहिला सराव करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेथे गेल्यावर

प्रवेशशुल्क असेल ते द्यावे आणि कॅफे चालू असेल तर प्रत्येकाने किमान एक पेय मागवावे. माणशी एक पदार्थ ही कोरियन कॅफेंची सर्वसाधारण अपेक्षा असते, पाच जणांत दोन कॉफी घेऊन तीन तास बसणे तेथे उद्धटपणाचे समजले जाते. बक्षिशी देण्याची पद्धत नाही.

कार्यक्रमातील दृश्ये शोधायची असतील तर मुंबईतच ते भाग पुन्हा पाहून दहा-बारा चित्रे फोनमध्ये साठवावीत. निवड करताना टेबल, खुर्च्या, तंबू, खेळणी यांच्यावर लक्ष न ठेवता मागच्या डोंगराची रेषा, पाण्याकडे जाणारी वाट आणि इमारतींची रचना यांच्यावर ठेवावे. चित्रीकरणासाठी आणलेल्या वस्तू निर्माते परत नेतात, डोंगर तेथेच राहतो. बीटीएसचा सदस्य जिन नेमका कोठे मासे धरत बसला होता, हे फर्निचरवरून कधीच सापडणार नाही. समोरच्या काठाच्या आकारावरून मात्र बऱ्यापैकी ताडता येते.

दोरी लावलेल्या किंवा ‘मुक्कामी पाहुण्यांसाठी’ अशी पाटी असलेल्या भागात पाऊल टाकू नये. खोल्यांच्या खिडक्यांतून डोकावू नये. इतर पाहुणे चाहते असतीलच असे नाही, त्यांचे चेहरे आपल्या व्हिडिओत येणार नाहीत याची काळजी घ्यावी. कोरियात याबाबत लोक फार जागरूक असतात. स्पीकरवर गाणी लावणे, भिंतींवर नावे लिहिणे, झाडांना फिती किंवा फोटोकार्ड बांधून ठेवणे, दगड-पाने घरी आणणे हे सर्व वर्ज्य. एखाद्या गटाच्या अशा वागण्याने जागेचा मालक वैतागला तर दार पुढच्या सगळ्यांसाठी बंद होते. ड्रोन तर मुंबईहून नेऊच नये. गांगवोन प्रांताची उत्तर सीमा उत्तर कोरियाला भिडलेली आहे, तेथे लष्करी ठाणी आहेत आणि उड्डाणाचे व हवाई छायाचित्रणाचे नियम कडक आहेत. कचरापेट्या सार्वजनिक ठिकाणी कमी असतात, म्हणून एक पिशवी जवळ ठेवून आपला कचरा शहरात आणावा.

दुसऱ्या पर्वाच्या घराविषयी

ऑक्टोबर २०२१ मधील दुसऱ्या पर्वासाठी प्योंगचांग येथे स्वतंत्र घर वापरले गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये एअरबीएनबी या घरे भाड्याने देणाऱ्या संकेतस्थळाने ते केवळ दोन पाहुण्यांना एका रात्रीसाठी, सुमारे सात डॉलरमध्ये उपलब्ध करून दिले होते. त्या बातमीच्या आधारे आजही काही जण तेथे मुक्काम करण्याची स्वप्ने पाहतात, आणि ‘आम्ही आत नेतो’ असे सांगून पैसे मागणारेही भेटतात. मालकाच्या अधिकृत घोषणेशिवाय त्या फाटकापर्यंत जाऊ नये. चुनचॉन आणि प्योंगचांग एकाच प्रांतात असले तरी एका दिवसात दोन्ही बसत नाहीत.

जागा बंद निघाली तर

सगळी चौकशी करूनही असे होऊ शकते. मग फाटकाबाहेर घुटमळण्यापेक्षा चुनचॉन शहराकडे वळावे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेली सामाकसान केबल कार ३.६१ किलोमीटर लांब असून उइआम जलाशयावरून जाते. पाणी आणि डोंगर यांचे जे दृश्य कार्यक्रमात आवडले होते ते येथे वरून दिसते. नामी बेटाकडे जायचे असेल तर परतीच्या वाटेवर गाप्योंग स्थानकावर उतरून धक्क्यावरून बोट पकडावी. मांसाहारी मंडळींनी शहरातील डाकगाल्बी, म्हणजे मोठ्या तव्यावर परतलेले तिखट कोंबडीचे तुकडे, खावेत. मालवणी तिखटाची सवय असलेल्यांना ते जड जाणार नाहीत. शाकाहारींनी बकव्हीटच्या माक्गुक्सू शेवया मागवताना रस्सा कशाचा आहे, हे पापागोवर विचारून घ्यावे, कारण तो बहुधा मांसाचा असतो आणि वर अंडे येते. बटाट्याची धिरडी हा त्यांच्यासाठी अधिक सुरक्षित पर्याय, तरी पिठात काय मिसळले आहे ते विचारलेले चांगले.

परतीचे आयटीएक्सचे तिकीट सकाळी निघतानाच काढून ठेवावे, विशेषतः रविवारी, कारण सुट्टी संपवून सोलला परतणाऱ्यांनी संध्याकाळच्या गाड्या भरलेल्या असतात. तिकीट न मिळाल्यास मेट्रो आहेच, तिला आरक्षण लागत नाही. फक्त शेवटच्या गाडीची वेळ नावेरवर पाहून ठेवावी.